बारसं झालं तरी बाळ पिवळंच: आधी लंगोट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ 19 दिवसांचं, पूर्ण दिवसांचं, जन्माच्या वेळी वजन 2.8 किलो. चौथ्या दिवशी बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, 17 आलं म्हणून दोन दिवस लाईटखाली ठेवलं, 11 वर उतरल्यावर घरी सोडलं. बाळ फक्त अंगावर पितं, वजन वाढतंय, पण डोळे अजून पिवळे आहेत. सासूबाई कोवळ्या उन्हात ठेवायला सांगतात. जवळच्या एका डॉक्टरांनी ‘आईच्या दुधाची कावीळ’ म्हणून दोन दिवस दूध बंद करायला सांगितलं. आणि गेल्या वर्षी सहा वर्षांच्या थोरल्याला कावीळ झाली होती, तीच तर बाळाला लागली नाही ना, ही आईची धास्ती.

ताई, आधी उत्तरं देतो, कारणं मागून सांगतो. दूध बंद करू नका, एका वेळचंही नाही. थोरल्याच्या काविळीचा बाळाशी संबंध नाही. उन्हाच्या भरवशावर दिवस घालवू नका. आणि उद्याच बाळाचं बिलिरुबिन पुन्हा तपासून घ्या, मात्र या वेळी नुसतं ‘टोटल’ नको, ‘डायरेक्ट’चा आकडाही हवा. तोवर प्रत्येक लंगोट खिडकीशी नेऊन शीचा रंग बघा. तुमच्या प्रश्नात वजन आहे, बिलिरुबिनचे आकडे आहेत, तारखा आहेत, पण शीचा रंग नाही. इतकी वर्षं बाळं तपासतोय, आया डोळ्यांचा रंग सांगतात, तळपायांचा सांगतात, शीचा मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि तिसऱ्या आठवड्यातल्या पिवळ्या बाळाबद्दल मला सगळ्यात आधी तोच हवा असतो.

आता हे असं का, ते बघू. रक्तातल्या लाल पेशी जुन्या झाल्या की फुटतात आणि त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो. पोटातल्या बाळाचं रक्त दाट असतं, कारण तिथे ऑक्सिजन कमी मिळतो. शिवाय त्याच्या लाल पेशी 80 ते 90 दिवसच टिकतात, आपल्या 120 दिवस टिकतात. म्हणजे किलोच्या हिशोबाने बाळाच्या अंगात मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त बिलिरुबिन रोज तयार होतं. यकृताने ते पाण्यात विरघळेल असं करायचं, पित्तातून आतड्यात सोडायचं आणि ते शीवाटे बाहेर जायचं, असा हा मार्ग. पहिल्या काही दिवसांत यकृतातलं हे काम करणारं एन्झाइम अगदी तुटपुंजं असतं. त्यात शी वेळेवर झाली नाही तर आतड्यात आलेलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. म्हणून पूर्ण दिवसांच्या दहापैकी साधारण सहा बाळांना आणि अपुऱ्या दिवसांच्या दहापैकी आठांना पहिल्या आठवड्यात पिवळेपणा दिसतोच. तो आजार नाही.

यकृतात जाण्याआधीचं ते ‘इनडायरेक्ट’ बिलिरुबिन आणि यकृताने प्रक्रिया केलेलं ते ‘डायरेक्ट’. पहिलं फार वाढलं तर मेंदूत शिरतं. दुसरं मेंदूत शिरत नाही, पण ते रक्तात साचलंय याचा अर्थ पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे किंवा यकृतच आजारी आहे. काविळीची सगळी तपासणी या एका फाट्यावर उभी आहे. टोटलचा आकडा एकटाच बघणारा माणूस या फाट्यावर आलाच नाही, असं मी माझ्या शिकाऊ डॉक्टरांना सांगतो.

आपल्या घरांत बाळाचे दिवस पाचवी, बारसं, सव्वा महिना असे मोजले जातात. कावीळही याच दिवसांवरून समजावून सांगता येते.

जन्मानंतर पहिल्या 24 तासांत बाळ पिवळं दिसलं तर ती नैसर्गिक कावीळ नव्हेच. तिथे लाल पेशी फार वेगाने फुटत आहेत असं धरून चालायचं. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या अंगात तयार झालेली प्रतिद्रव्यं बाळाच्या पेशी फोडतात. अशा आईला बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळालं की पुढचं बाळ वाचतं. आईचा रक्तगट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असेल तरी हे होऊ शकतं, सहसा सौम्य, पण पहिल्या खेपेलाही होतं. तिसरं कारण जी-6-पीडी या एन्झाइमची कमतरता. ती आईकडून मुलग्यांकडे येते आणि आपल्याकडच्या काही आदिवासी आणि इतर समाजांत बऱ्यापैकी आढळते. या बाळांचा एक शत्रू आपल्या घरातच असतो. थोरल्या मुलाची झबली, टोपरी, दुपटी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली असतात आणि बाळ घरी आलं की त्याच दुपट्यात गुंडाळलं जातं. त्या नॅफ्थॅलिनचा वास बाळाच्या अंगात जातो आणि जी-6-पीडी कमी असलेल्या बाळाच्या लाल पेशी भराभर फुटतात. घरी गेल्यावर अचानक पिवळ्याधमक झालेल्या मुलग्याची आई आली की मी दुपटं नाकाशी धरून बघतो. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नका.

पाचवी पुजतात त्या सुमाराला नैसर्गिक कावीळ सगळ्यात वर असते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात ती चढते आणि नंतर उतरते. घोळ इथेच होतो, कारण बरीच बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात. माहेरी, कधी गावी, कधी 80-100 किलोमीटरवर. चढत्या काविळीचे दोन दिवस बाळ डॉक्टरांच्या नजरेआड जातं. म्हणून लवकर घरी सोडलेलं बाळ पुढच्या 48 तासांत एकदा दाखवायलाच हवं. नुसतं डोळ्यांनी बघून आकडा सांगता येत नाही, निदान आपल्या सावळ्या बाळांत तरी नाही. कावीळ चेहऱ्यावरून खाली उतरत जाते, आणि तळहात-तळपाय पिवळे दिसले तर आकडा बहुधा 15 च्या वर असतो, एवढा अंदाज ठीक आहे. त्यापुढे कपाळाला टेकवून मोजायचं यंत्र किंवा रक्ताची तपासणी. बाळ उजेडात आणि पांढऱ्या कापडावर बघा. पिवळं झबलं, पिवळी भिंत किंवा रात्रीचा बल्ब असेल तर अनुभवी नजरही फसते.

लाईट किती आकड्याला लावायचा हे ठरवायला एकच आकडा नसतो, हे मात्र नीट लक्षात घ्या. बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, आत्ता त्याचं वय किती तास आहे आणि जोखमीच्या इतर गोष्टी आहेत का, यावर तक्त्यातली रेषा बदलते. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाला चौथ्या दिवशी 14 असेल तर कित्येकदा काहीच करावं लागत नाही. तेच 14 पहिल्या दिवसाच्या शेवटी असेल किंवा 35 आठवड्यांच्या, जंतुसंसर्ग झालेल्या बाळात असेल, तर मी जेवायला उठणार नाही. शेजारणीच्या बाळाला 16 ला लाईट लावला नाही आणि तुमच्या बाळाला 13 ला लावला, तरी दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. काचेत ठेवलं म्हणजे बाळ गंभीर आहे, असंही नाही.

या दिवसांतली भीती एकाच गोष्टीची. इनडायरेक्ट बिलिरुबिन फार चढलं तर मेंदूच्या आतल्या भागात साठतं. आधी बाळ सुस्त होतं, ओढून पीत नाही. मग रडण्याचा आवाज किनरा होतो, अंग धनुष्यासारखं मागे ताणलं जातं. यातून वाचलेल्या मुलांना पुढे ऐकू येत नाही, हातापायांच्या हालचाली ताब्यात राहत नाहीत, नजर वर उचलता येत नाही. एकदा झालं की मागे फिरवता येत नाही, आणि वेळेवर लाईट लावला किंवा गरज पडल्यास बाळाचं रक्त बदललं तर जवळपास नेहमीच टाळता येतं. पिवळं बाळ प्यायला उठत नसेल तर सकाळची वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात लाईटची सोय असते आणि सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे.

आता उन्हाबद्दल. सासूबाईंच्या म्हणण्याला इतिहास आहे, तो सांगितल्याशिवाय त्यांना ‘नको’ म्हणणं मला बरं वाटत नाही. 1956 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सांभाळायच्या. हवा चांगली असली की त्या नाजूक बाळांना बाहेर अंगणात न्यायच्या. एक दिवस त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकट झालेलं आणि एक तिकोनी तुकडा मात्र गडद पिवळा. तेवढ्याच जागेवर चादरीचं टोक आलं होतं. पुढे तिथेच रक्ताची एक नळी काही तास खिडकीत उन्हात राहिली आणि तिच्यातलं बिलिरुबिन उतरलेलं निघालं. त्यावरून डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी निळ्या ट्यूबलाइटचा पाळणा तयार केला आणि 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याची माहिती छापली. आज जगभर बाळं ज्या निळ्या लाईटखाली निजतात, त्याची सुरुवात एका नर्सच्या निरीक्षणातून झाली.

मग ऊन का नको? कारण काम करतो तो उन्हातला निळा भाग, साधारण 460 ते 490 नॅनोमीटरचा. तो बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि ते यकृताची वाट न बघता पित्तातून, लघवीतून निघून जातं. पण उन्हाबरोबर अतिनील किरण येतात, उष्णता येते. औषधाइतका परिणाम हवा असेल तर बाळ उघड्या अंगाने तासन्‌तास उन्हात लागेल. त्यात ते भाजेल, सुकेल किंवा जानेवारीच्या सकाळी गारठेल. नायजेरियात वीज नसलेल्या ठिकाणी उन्हाने उपचार करून बघितले आहेत, पण तिथे मांडवावर अतिनील किरण आणि उष्णता अडवणारा खास पडदा होता आणि बाळाचं तापमान सतत मोजलं जात होतं. आपल्या गॅलरीतलं दहा मिनिटांचं ऊन कावीळ उतरवत नाही. ते फक्त घरच्यांना उपचार चालू असल्याचं समाधान देतं, आणि त्या समाधानात दिवस जातात. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. त्यांचं काही चुकलेलं नाही, पूर्वी डॉक्टरही हेच सांगायचे.

बारशापर्यंत, म्हणजे बाराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत, पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ उतरायला हवी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला 21 दिवसांची मुभा देतो. त्यानंतरही पिवळेपणा राहिला की तिला लांबलेली कावीळ म्हणायचं. तुम्ही आता इथे आहात.

लांबलेल्या काविळीचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच, आईच्या दुधाची कावीळ. दुधातल्या काही घटकांमुळे बिलिरुबिन हळू निघतं. बाळ मजेत असतं, वजन रोज 25-30 ग्रॅमने वाढतं, शी पिवळीजर्द, लघवी पाण्यासारखी. दोन-तीन महिन्यांत ती आपोआप जाते. दूध थांबवायची गरज नाही, आणि थांबवलं की कित्येक आयांचं दूध त्यात कायमचं आटतं. पहिल्या आठवड्यातली ‘दूध कमी पडल्याची’ कावीळ निराळी. तिथे बाळाच्या तोंडात स्तन नीट बसत नाही, वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरतं, लघवी दिवसातून सहा वेळाही होत नाही. तिच्यावर उपाय जास्त दूध हाच, दिवसाला आठ ते बारा वेळा. ग्लुकोजचं पाणी, गुटी, वेखंड, मध यातलं काहीही नको. आईने हळद खाल्ली म्हणून बाळ पिवळं होत नाही, तिला वरण-भाजी नीट खाऊ द्या.

पण ‘आईच्या दुधाची कावीळ’ हे निदान इतर कारणं वगळल्यावर करायचं असतं, आधी नाही. डायरेक्ट बिलिरुबिन न तपासता ते करणं मला मान्य नाही. कारण त्याच वयात, तितक्याच मजेत दिसणारी, वजन वाढणारी काही थोडी बाळं अशी असतात की ज्यांच्या पित्तनलिका बंद होत चाललेल्या असतात. बिलियरी अट्रेझिया हे या आजाराचं नाव. दहा ते अठरा हजार बाळांत एखाद्याला होणारा हा आजार. यकृतात तयार झालेलं पित्त आतड्यात उतरतच नाही, यकृतातच साचतं आणि यकृत खराब करत नेतं. उपचार केले नाहीत तर बहुतेक मुलं दोन वर्षांपलीकडे जगत नाहीत. जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी 1950 च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. बंद झालेल्या नलिका काढून आतड्याचा वेटोळा थेट यकृताच्या मुखाशी जोडायचा. ती 60 दिवसांच्या आत झाली तर साधारण दोन-तृतीयांश बाळांत पित्त वाहू लागतं. 90 दिवसांनंतर ती शक्यता फार घसरते.

आता हे 60 दिवस आपल्या घरच्या दिवसांशेजारी ठेवून बघा. सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. ‘सव्वा महिना झाला की दाखवू’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. त्यानंतर दीड महिन्याचा डोस, त्यात ताप, मग मामाकडून घरी येणं. साठ दिवस संपतात आणि घरात कुणाचीच चूक झालेली नसते.

एक बाळ मला विसरता येत नाही. मुलगी होती, 97 दिवसांची, गुटगुटीत, हसरी. तीन ठिकाणी दाखवून आली होती. सगळीकडे ऊन आणि आईचं दूध हीच दोन उत्तरं मिळाली होती. दीड महिन्याचा डोस दिला तेव्हा मांडीतून थेंब थेंब रक्त बराच वेळ वाहत राहिलं होतं, हे आईने बोलता बोलता सांगितलं. पित्त आतड्यात गेलं नाही की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठत नाही. अशी बाळं कधी कधी थेट मेंदूतल्या रक्तस्रावानेच येतात. मी शी बघायला मागितली. आजीने पिशवीतून लंगोट काढला. शाडूच्या मातीचा गोळा असावा तशी शी. वरून जरा पिवळसर झाक होती, म्हणून घरच्यांना ती ‘पिवळी’ वाटत होती. काडीने मोडून दाखवली तर आतून पांढरी. लघवीचे डाग मात्र दुपट्यावर हळदीसारखे. आजी म्हणाली, “अहो डॉक्टर, पहिल्या महिन्यापासनं अशीच आहे. कुणी विचारलंच नाही.” त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या ओपीडीत लांबलेल्या काविळीचं बाळ लंगोट बघितल्याशिवाय घरी जात नाही.

शीचा रंग म्हणून इतका महत्त्वाचा. पहिले दोन-तीन दिवस काळपट हिरवी, मग मोहरीच्या रंगाची पिवळी. हिरवी झाली तरी चालते, कारण हिरवा रंगही पित्ताचाच. पांढरी, राखाडी, शाडूसारखी किंवा अगदी फिकट सायीसारखी शी मात्र चालत नाही. एखादी फिकट झाली तर पुढच्या दोन-तीन बघा. सलग फिकट असतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. सुरुवातीला रंग ठीक असून नंतर फिकटत जातो असंही होतं, म्हणून दोन महिन्यांपर्यंत लक्ष ठेवायचं. लघवीचंही तसंच. एवढ्या लहान बाळाची लघवी रंगहीन असते, दुपट्याला पिवळा डाग पडत असेल तर ती धोक्याची खूण. तैवानने 2004 पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड घातलं आणि तिथे ही शस्त्रक्रिया वेळेत होण्याचं प्रमाण वाढलं. एका छापील कागदाने हे झालं. आपल्याकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी त्यांनी ‘शी दाखवा’ एवढं म्हटलं तरी कितीतरी बाळं वेळेत पोचतील.

रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो. टोटल 9 आणि डायरेक्ट 0.6 असेल, शी पिवळी असेल, तर ती इनडायरेक्ट कावीळ. बाळ छान असेल तर आईच्या दुधाचीच असणार, तरी थायरॉइडची तपासणी आणि लघवीची तपासणी मी करून घेतो. जन्मजात थायरॉइड कमी असलेलं बाळ कधी कधी पहिल्यांदा लांबलेल्या काविळीनेच ओळखू येतं. ते शांत, झोपाळू, बद्धकोष्ठ असतं आणि घरचे ‘किती गुणी बाळ’ म्हणून कौतुक करत असतात. वेळेत गोळी सुरू झाली तर बुद्धीची वाढ नीट होते, महिने गेले तर ते भरून निघत नाही. लघवीतल्या जंतुसंसर्गामुळेही कावीळ लांबते. लाल पेशी फुटत असतील तर हिमोग्लोबिन उतरत जातं, तेही बघावं लागतं.

डायरेक्ट 1 च्या वर असेल, मग टोटल कितीही कमी असो, तर तो रिपोर्ट बाजूला ठेवायचा नाही. टोटल 7 आणि डायरेक्ट 4 हे बाळ टोटल 14 आणि डायरेक्ट 0.5 च्या बाळापेक्षा मला जास्त काळजीत टाकतं. ‘आकडा कमी होतोय’ म्हणून इथेच लोक फसतात. अशा बाळाला लाईटचा उपयोग नाही, उलट कातडी तपकिरी होऊ शकते. आधी रक्त गोठण्याची तपासणी आणि व्हिटॅमिन के. मग चार तास उपाशीपोटी सोनोग्राफी, पित्ताशय दिसतंय का आणि भरतंय का हे बघायला. सोबत जंतुसंसर्ग, गर्भात झालेले विषाणूसंसर्ग, थायरॉइड आणि गॅलॅक्टोसेमिया. हा शेवटचा आजार दुधातली साखर न पचण्याचा. बाळ उलट्या करतं, मलूल होतं, डोळ्यांत मोतीबिंदू येतो. आईचं दूध खरोखर थांबवावं लागतं असा हा एक दुर्मीळ प्रसंग. गरज पडली तर यकृताचा तुकडा काढून तपासतात, आणि शेवटचं उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर पित्तनलिकेत औषध सोडून मिळतं. हे सगळं बालयकृततज्ज्ञ आणि बालशल्यचिकित्सक असलेल्या मोठ्या केंद्रात काही दिवसांत उरकायचं काम आहे. दर आठवड्याला एक तपासणी असं करत बसलो तर तपासण्यांतच साठ दिवस जातात.

शस्त्रक्रिया लागू पडली नाही किंवा उशीर झाला तरी दार बंद होत नाही. भारतातलं पहिलं यशस्वी बाल यकृत प्रत्यारोपण 1998 मध्ये दिल्लीत झालं, ते याच आजाराच्या 20 महिन्यांच्या मुलावर. वडिलांनी आपल्या यकृताचा भाग दिला होता. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. त्या 97 दिवसांच्या मुलीच्या आईवडिलांनाही मी हेच सांगितलं होतं.

थोरल्याबद्दल. सहा वर्षांच्या मुलाची कावीळ आणि नवजात बाळाची कावीळ यांत रंगापलीकडे साम्य नाही. त्या वयात बहुधा हिपॅटायटिस ए असतो, दूषित पाण्यातून येणारा. आधी ताप, उलट्या, जेवण नको, आणि डोळे पिवळे व्हायला लागेपर्यंत ताप उतरतो, भूक परत येते. एसजीपीटी, म्हणजे यकृताला झालेली इजा दाखवणारा रक्तातला आकडा, हजारांत गेलेलं असतं, घरचे घाबरतात, पण तो आकडा आपोआप उतरतो. हा विषाणू अंगात घर करून राहत नाही, म्हणून गेल्या वर्षीच्या काविळीची भीती बाळाला नाही. त्याला औषधही नाही. तूप-तेल बंद, नुसता उसाचा रस, असलं पथ्य करू नका, आणि रस्त्यावरच्या रसातूनच हा आजार येऊ शकतो. गळ्यात घातलेली काविळीची माळ लांबली म्हणून कावीळ उतरत नाही. काड्या वाळतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर निघणारा पिवळा रंग हाताला लावलेल्या आंब्याच्या सालीच्या रसाचा असतो. हे एकवेळ निरुपद्रवी तरी आहे. डाग देणं आणि नाकात औषध घालणं यांनी मुलं गेलेली आहेत.

मोठ्या मुलात मी एसजीपीटीपेक्षा रक्त गोठण्याचा आकडा, म्हणजे आयएनआर, बघतो. तो वाढला, मूल दिवसा झोपून रात्री जागायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, उलट्या थांबेनात, तर यकृत हार मानतंय. तेव्हा मोठं रुग्णालय, लगेच. कावीळ पुन्हा पुन्हा येत असेल, सोबत रक्त कमी असेल, तर विल्सनचा आजार तपासा. तांबं यकृतात साठतं, गोळ्यांनी आटोक्यात राहतं आणि भावंडांचीही तपासणी लागते. विदर्भात किंवा नंदुरबारकडे हलके पिवळे डोळे आणि हातपाय दुखणं एकत्र दिसलं तर सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आधी आठवावा. आणि पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांत गल्लत करू नका. थेंबांच्या 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपच्या 5 मिलीत 125. थेंबांची बाटली चमच्याने पाजली की तापाचं औषध यकृताचं विष होतं.

तुमच्या बाळाचं वजन वाढतंय आणि ते नीट पितंय, हे चांगलं आहे. शी मोहरीसारखी असेल आणि डायरेक्ट 1 च्या खाली असेल, तर तुमच्या डॉक्टरांचं निदान खरं ठरेल, फक्त दूध चालू ठेवायचं. उद्या सकाळी पहिला लंगोट ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीच्या उजेडात बघा, मोबाइलवर फोटो काढा आणि रक्त द्यायला जाताना डॉक्टरांना दाखवा. लघवीत भिजलेला नको, लघवीच्या रंगाने शी पिवळी दिसते. सव्वा महिना व्हायची वाट बघू नका. टोपरं घाला, दुपट्यात गुंडाळा आणि निघा.